आभाळ आलंय, मासा तोंड लावत नाही आणि रविवारी गळवाले पाहुणे येणार. काय करू?

उजनीचा_नावाडी | गुरुवार, रात्री

रामराम मंडळी. माझी होडी उजनी धरणात, कुंभारगावच्या बाजूला आहे. थंडीत रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवणं हे मुख्य काम. यंदा कॅमेरेवाल्यांच्या ओळखीतून गळवालेही विचारायला लागलेत, म्हणून तेही सुरू केलंय. परवान्याचं ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी बोलून झालंय, तो प्रश्न नाही.

प्रश्न हवेचा आहे. तिकडं बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झालाय आणि इकडं सोमवारपासून ऊन दिसलेलं नाही. काल भुरभुर पाऊस झाला. वारा पूर्वेचा, दुपारी चांगलाच वाढतो. आज सकाळी मी स्वतः गळ टाकून बसलो होतो, साधी टोचसुद्धा नाही. जाळंवाल्यांनाही चिलापी सोडली तर फार काही नाही. हवामान खातं म्हणतंय अजून दोन-तीन दिवस असंच.

रविवारी पुण्याचे चौघं येतायत. दोघं भाऊ, त्यांचे सत्तरीतले वडील आणि थोरल्याचा दहा वर्षांचा मुलगा. भावांकडं भारी रॉड-रीळ आहेत. त्यांनी मला एका कटल्याचा फोटो पाठवलाय, माणसाच्या मांडीएवढा, आणि खाली लिहिलंय ‘असा पाहिजे’. ॲडव्हान्स घेतलेला आहे.

रद्द करू का? केलं नाही तर नेऊ कुठं, लावू काय? पक्ष्यांचं मला कळतं. एक पक्षी दिसला नाही तर दुसरा दाखवता येतो. पण मासाच लागला नाही तर सहा तास पाहुण्यांसमोर काय करायचं, ते कळत नाही.


पारा_उतरला | गुरुवार, रात्री

सरळ रद्द कर. हवेचा दाब उतरला की माशाच्या पोटातल्या फुग्यावर परिणाम होतो, तो खात नाही. घड्याळातल्या बॅरोमीटरवर मी नेहमी बघतो. दाब खाली गेला की घरीच बसतो.


भाटघरचा_अण्णा | शुक्रवार, सकाळी

बाळा, आधी फोन कर. रविवारी सकाळी नाही, आत्ता. थोरल्या भावाला सांग की हवा अशी आहे, जाळ्यालाही मासा कमी आहे, तो फोटोतला कटला डोक्यातून काढा. यायचं तर या, नाहीतर पुढच्या रविवारी या, ॲडव्हान्स तसाच राहील. आधी सांगितलं की पाहुणा तयारीनं येतो आणि तोंड पाडून बसत नाही. हेच काठावर उतरल्यावर सांगितलंस तर सबब वाटते.

त्याच फोनवर पैशाचंही बोलून टाक. मासा लागला नाही म्हणून पैसे परत मिळणार नाहीत, वाऱ्यामुळं मी होडी काढली नाही तर होडीचे मिळतील. हे ठरलेलं नसलं की दोनशे-पाचशे रुपयांसाठी वारा अंगावर असताना होडी काढायचा मोह होतो. पाहुण्याला होतो, नावाड्यालाही होतो.

आता वरच्या बॅरोमीटरवाल्यांचं. राग मानू नका, पण हिशेब करून बघा. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलनं उतरला तर ते माशासाठी जेमतेम १० सेंटिमीटर पाणी कमी झाल्यासारखं आहे. मासा नुसता वीतभर वर सरकला तरी त्याहून जास्त फरक पडतो, आणि दिवसभरात तो कितीतरी वर-खाली करतो. दाब उतरतो तेव्हा त्याच्यासोबत जे येतं त्यानं मासा बदलतो: ऊन जातं, वारा फिरतो, पाणी गढूळ होतं. बघायचं असेल तर ते बघावं.

ऊन गेलं की काय होतं ते उजनीत नीट कळतं, कारण तुमचं पाणी हिरवं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेत येतं, त्यावर शेवाळ माजतं. ऊन असेपर्यंत ते शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री ते स्वतःच प्राणवायू ओढतं. आभाळाचे दिवस लागोपाठ आले की दिवसा भर कमी पडते आणि पहाटे पाण्यात प्राणवायू अगदी कमी असतो. अशा पाण्यात मासा सुस्त पडतो, कधी वर येऊन तोंड वासतो. म्हणून आभाळ आहे आणि वारा पडलेला आहे अशा दिवशी पाच वाजता पाहुण्यांना उठवू नको. नऊनंतर ने. वारा असेल तर पाणी ढवळलेलं असतं, मग एवढी अडचण नाही. तू आज सकाळी बसलास तेव्हा वारा होता का?

जागेचं सांगतो. या हवेत सगळी गंमत तिथंच आहे. वारा वरचं पाणी ढकलत नेतो. त्या पाण्याबरोबर शेवाळ आणि बारीक जीव ज्या काठावर वारा आपटतो तिथं गोळा होतात. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो हेच गाळून खातो, म्हणून तो त्या काठाला येतो. लाटांनी काठ उकरला जातो, मातीतले किडे सुटतात, त्यांच्यामागं मृगळ आणि सायप्रिनस हे तळाला चरणारे मासे येतात. म्हणजे मासा असतो वाऱ्याच्या तोंडावर. आणि होडी? होडी हवी आडोशाला. दोन्ही एकदम जमत नाही. माणसं इथंच फसतात. आडोशाला होडी लावून दिवसभर रिकामे बसतात, नाहीतर माशामागं मोकळ्या पाण्यात जातात.

उपाय सोपा आहे, फक्त होडीवाल्याला तो सुचत नाही. होडी ठेव बांधून. गाडीनं फिरून वाऱ्याच्या तोंडावरच्या काठाला जा आणि जमिनीवर उभं राहून गळ टाका. शिसं नेहमीपेक्षा जड लावा, फेक बुटकी ठेवा म्हणजे दोरीला वारा फुगवणार नाही. लांब फेकायची गरजही नाही, लाटेचं गढूळ पाणी जिथं संपतं आणि हिरवं सुरू होतं त्या रेघेवर टाका. काळ्या मातीचा काठ मात्र टाळ. ओल्या काळ्या मातीत म्हातारा माणूस गुडघाभर रुतला की दिवस तिथंच संपला. मुरमाड नाहीतर खडकाळ जागा शोध. पाण्याखाली जुन्या बाभळी कुठं आहेत ते तुला माहीत असेलच. तिथं भावांना टाकू देऊ नकोस, नाहीतर सगळा दिवस गळ तोडण्यात जाईल.

आमिषाबद्दल. पुण्यातून येणारे स्ट्रॉबेरीच्या वासाची पाकिटं घेऊन येतात. आणू दे. हसू नको. (मी हसतो, पण पाठ फिरवून.) तू आपली कणीक मळ, त्यात शेंगपेंड भाजून घाल, थोडा तांदळाचा कोंडा. गोळा हरभऱ्याएवढा, लिंबाएवढा नको. आणि पाण्यात टाकायचा चारा मूठभरच. मासा लागत नाही म्हटलं की लोक बादली रिकामी करतात. गार पाण्यात माशाचं पोट हळू चालतं, जे थोडं खाणार ते त्याला फुकट मिळालं तर तुझ्या गळाकडं कशाला बघेल?

गळ बारीक करा. भावांकडं मोठ्या माशाचे गळ असतील. तू दहा-बारा नंबरचे आणि पातळ दोरी घेऊन ठेव. गढूळ पाण्यात शिंगट्यासाठी गांडूळ लाव, तो मिशांनी वास काढत चालतो, त्याला उजेडाची पर्वा नाही. पण लागला तर पोराला हात लावू देऊ नको. त्याचा काटा शिरला तर सूज दोन दिवस उतरत नाही. चिमटा जवळ ठेव.

पोरगा हा रविवारचा खरा पाहुणा आहे असं धर. त्याला रीळ देऊ नको. साधी बांबूची काठी, फ्लोट आणि गांडूळ, काठाच्या दगडांजवळ. हाताएवढी चिलापी लागली तरी बापाचा अर्धा राग जातो. चिलापी गरम पाण्याचा मासा आहे, गारठ्यात तीही मंदावते, पण आभाळामुळं सध्या रात्री तितक्या गार नाहीत. लागेल.


गळ_आणि_गप्पा | शुक्रवार, दुपारी

मी पाहुण्याच्या बाजूनं सांगतो, कारण मी नेहमी तोच असतो. कोथरूडहून पहाटे निघायचं, टोलवर चहा आणि मग दिवसभर पाण्याकडं बघायचं.

रिकामा दिवस मला चालतो. चालत नाही ते नावाड्याचं वागणं. एका ठिकाणी (धरणाचं नाव घेत नाही) आमचा माणूस सकाळी दोन तास ‘मागच्या आठवड्यात इथंच चौदा किलोचा काढला’ हे सांगत होता आणि नंतर सावलीला मोबाइल बघत बसला. दुसऱ्या ठिकाणचा माणूस पहिल्या तासातच म्हणाला, ‘आज पाणी बंद आहे, पण का बंद आहे ते दाखवतो.’ मग त्यानं काठाची माती उकरून किडे दाखवले, पाण्याचा रंग कुठं बदलतो ते दाखवलं. त्या दिवशी आमच्या हाती एक सायप्रिनस लागला, तोही बोटभर. आम्ही त्याच्याकडं परत गेलो, पहिल्याकडं नाही.

आणि तुझ्याकडं तर पक्षी आहेत! गळ टाकून ठेवलेले असताना आजोबांच्या हातात दुर्बीण दे. नदीसुरय कुठं सूर मारताहेत, पाणकावळे कुठं बुडताहेत हे तू बघतच असतोस. तिथं बारीक मासा आहे म्हणजे मागं मोठा असू शकतो, हे पाहुण्यांना सांग. मला असं कोणी सांगितलं तर मी रिकामा बसल्यासारखा वाटणार नाही.


उजनीचा_नावाडी | शुक्रवार, रात्री

अण्णा, लई उपकार. हो, सकाळी बसलो तेव्हा वारा अजिबात नव्हता, पाणी आरशासारखं होतं. म्हणजे तेच कारण दिसतंय.

पूर्वेचा वारा माझ्याच बाजूच्या काठावर आपटतो. तिथं एक मुरमाड टेकाड पाण्यात शिरलंय, उसाच्या शेतातून वाट आहे, शेतकरी ओळखीचा. जागेचं जमलं.

फोन केला. पण थोरला भाऊ म्हणतो, यायचं तर होडीतूनच. ‘किनाऱ्यावरून आम्ही खडकवासल्याला पण करतो, उजनीला कशाला येऊ? आम्ही लाइफ जॅकेट घालतो ना!’ काय सांगू? गिऱ्हाईक नवीन आहे, तोंडावर नाही म्हणवत नाही.

दुसरं. काठावर गेलो आणि दुपारपर्यंत काहीच लागलं नाही, तर जागा बदलू का तिथंच थांबू?


केत्तूरची_ताई | शुक्रवार, रात्री

भाऊ, मी पलीकडच्या काठाची. नवऱ्याची होडी आहे, स्वयंपाक माझा.

त्या थोरल्याला एवढंच सांगा. २१ मे २०२४ ला कळाशी आणि कुगावच्या मध्ये संध्याकाळी वादळी वारं सुटलं आणि प्रवाशांची होडी उलटली. सहा माणसं गेली. रोजची वाट होती ती, रोज ये-जा करणारी माणसं. वारं यायला किती वेळ लागतो ते या पाण्यावर राहणाऱ्यांना विचारा. जॅकेट घाला, नक्की घाला, काठावरसुद्धा पोराला घाला. पण जॅकेट आहे म्हणून होडी काढायची, असं नसतं.

तोंडावर नाही म्हणवत नसेल तर असं म्हणा: होडी काढायची की नाही ते सकाळी दहाला पाण्यावर लाटांचे पांढरे तुरे बघून मी ठरवणार, आणि माझा शब्द शेवटचा. आमचे हे असंच सांगतात. आजवर कोणी चिडून परत गेलं नाही.

जेवणाचं कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. ‘तुम्ही पकडलेला मासा करून वाढू’ असं कबूल केलं असेल तर आजच मागं घ्या. मासे शनिवारी भिगवणच्या बाजारातून आणून ठेवा, कालवण आणि भाकरी बारा वाजता तयार पाहिजे. मासा न लागलेला माणूस उपाशी असला की जास्त बोलतो.


भाटघरचा_अण्णा | शनिवार, सकाळी

ताईंनी सांगितलं त्यात मी काय भर घालू. फक्त दोन गोष्टी. वारा किती मोकळं पाणी ओलांडून येतो त्यावर लाट ठरते. तुमच्या धरणाचा फुगवटा लांबलचक, पलीकडच्या काठाला जे पाणी गप्प दिसतं ते तुमच्या काठाला येईपर्यंत उसळलेलं असतं. म्हणून निघताना काठावरचं पाणी बघून ठरवू नको, मध्यावरचं बघ. दुसरं, ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेव. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं आहे, जवळ वीज पडत असली तर कळवतं. डिसेंबरात विजा कमी, पण गडगडाट ऐकू आला की सगळे रॉड खाली ठेवायचे. कार्बनच्या रॉडमधून वीज जाते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याजवळ कोणी नको. हे भावांना पटकन पटतं, कारण रॉड महागाचे असतात.

खडकवासल्याचं उत्तर असं दे: तिथं तुमच्याबरोबर कुणी नसतं, इथं मी असतो. एवढं बोलून गप्प बस.

आता जागा बदलायचं. मासा लागत नसला की पाहुण्याला सारखं हलावंसं वाटतं, आणि हलण्यातच दिवस जातो. जागा दुपारच्या जेवणापर्यंत बदलू नको, गळ बदल. तुझ्याकडं चार गळ आहेत म्हणजे चार वेगळे डाव खेळता येतात, चारही एकासारखे टाकलेस तर तीन वाया गेले. एक अगदी काठाशी, गुडघाभर पाण्यात. एक गढूळ-हिरव्याच्या रेघेवर. एक त्यापलीकडं तळाला, गांडूळ लावून. एक फ्लोटवर, कणीक कमरेएवढ्या खोलीला. अर्ध्या-पाऊण तासानं ज्याच्यावर काहीच नाही तो बदलायचा. एखाद्यावर नुसती टोच आली तरी बाकीचे त्या खोलीला आणायचे. भाऊ विचारतील हे कशाला, तर सांग. त्यांनाही काम मिळतं. धाकट्याला वहीत लिहायला लाव, कुठल्या खोलीला काय झालं ते. अशा दिवशी हात रिकामे असले की डोकं चालतं आणि मग होडी आठवते.

जेवण झाल्यावर वारा फिरला असेल तर जागा बदल. फिरला नसेल तर नको. संध्याकाळच्या शेवटच्या तासात आभाळ थोडं फुटलं तर फरक पडू शकतो, पण ते पाहुण्यांना आधी सांगू नको. सांगितलंस तर दुपारी दोनपासून सगळे आभाळाकडं बघत बसतील.

एक राहिलं. जाळ्यातला तो सकर, काळा काटेरी, बाहेरून आलेला मासा, चुकून लागला तर पाण्यात परत सोडायचा नाही. पोराला दाखव, फोटो काढू दे. बाकी जे लहान असेल ते ओल्या हातानं धरून सोडून द्या.


पारा_उतरला | शनिवार, सकाळी

अण्णा, १० सेंटिमीटरचा हिशेब मी केला, बरोबर आहे. तरीपण माझा अनुभव सांगतो की दाब उतरायच्या आदल्या दिवशी मासा तुटून पडतो. त्याचं काय?


भाटघरचा_अण्णा | शनिवार, दुपारी

आदल्या दिवशी खातो, हे मीही बघितलंय. पण आदल्या दिवशी वाराही फिरलेला असतो आणि उकाडाही वाढलेला असतो, तर त्यातलं नेमकं कोणतं, हे तुमचं घड्याळ सांगणार नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.


उजनीचा_नावाडी | शनिवार, संध्याकाळी

थोरल्याला ताईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, बाबांना काठावर बसायला खुर्ची आहे का? खुर्ची आहे. होडी दहाला बघू असं ठरलंय, पण मला वाटतं निघणार नाही. वारा आजही तसाच आहे. बाजारातून मासे आणले, बांबूच्या दोन काठ्या सोलून ठेवल्या. शेंगपेंड उद्या सकाळी भाजतो.

एकच अडचण. टेकाडावर आडोसा काही नाही. पाऊस आला तर आजोबांना गाडीत बसवावं लागेल आणि गाडी शेताच्या पलीकडं थांबते.


केत्तूरची_ताई | शनिवार, रात्री

आमच्याकडं मोठी ताडपत्री आहे, ऊसतोडीच्या वेळची, आणि चार वासे. सकाळी आमचे हे गाडीवरून भिगवणला दूध घालायला येतात, त्यांच्याकडं देते. वाऱ्याच्या बाजूनं उतरती बांधा आणि कडेला दगड ठेवा, नाहीतर उडून जाईल. परत करताना वाळवून द्या.